बीमला कार्बन फायबर लावायचंय? आधी काँक्रीट बघा, मग शीट

रिपेअरचं काम निघालं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये आजकाल एक वाक्य हमखास येतं, "ते कार्बन फायबर लावून टाकू ना, बीम पक्का होतो म्हणे." होतो, खरंच होतो. मी ठाणे-डोंबिवली पट्ट्यात रिपेअरच्या साइटवर बरीच वर्षं काढलीत आणि नीट केलेलं एफआरपीचं (फायबर आणि इपॉक्सी मिळून बनतं ते) काम वर्षानुवर्षं जसंच्या तसं उभं असलेलं बघितलंय. पण न केलेलं बरं असं कामही बघितलंय, आणि दोन्हीतला फरक शीटच्या ब्रँडमध्ये नव्हता, शीटच्या मागे काय होतं त्यात होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय, साइट इंजिनियरसाठी आणि कमिटीवर बसून बिलावर सही करणाऱ्या मंडळींसाठीपण.

आधी थोडक्यात हे आहे काय ते. कार्बनचे (किंवा काचेचे) बारीक धागे एका दिशेत विणलेलं कापड असतं, ते इपॉक्सीने बीमला चिकटवायचं, इपॉक्सी सुकलं की कापड आणि इपॉक्सी मिळून एक कडक पापुद्रा तयार होतो आणि तो सळईसारखा ताण घेतो. कार्बनच्या धाग्याची ताकद साधारण ३५०० ते ४९०० मेगापास्कल (ताकदीचं एकक), आपली नेहमीची फे ४१५ सळई ४१५ ला यील्ड होते (कायमची ताणली जायला लागते), म्हणजे अंदाज करा. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) शीटची हिशोबातली जाडी फक्त ०.१६७ मिमी. दुसरा प्रकार लॅमिनेट, म्हणजे कारखान्यात तयार झालेली १.२ किंवा १.४ मिमी जाडीची कडक पट्टी, ती स्लॅबला आणि सरळ लांब बीमला सोयीची पडते.

ह्याची सुरुवात स्वित्झर्लंडमधली. ल्यूसर्नजवळ इबाखच्या पुलावर सिग्नल बसवायला ड्रिलिंग करताना प्रीस्ट्रेसची (आधीच ताणून बसवलेली) केबल चुकून कापली गेली, तेव्हा १९९१ मध्ये एम्पा संस्थेच्या उर्स मायर यांच्या टीमने तो पूल कार्बनच्या पट्ट्या चिकटवून सावरला. लोखंडी प्लेट लावायच्या तर १७५ किलो लागल्या असत्या, तिथे कार्बन लागलं ६.२ किलो. पुलाखाली लटकून काम करणाऱ्या माणसाला हा फरक काय असतो ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही हेच मोठं कारण आहे, राहत्या घरात बीमला काँक्रीटचं जॅकेट (भोवती नवा थर) करायचं म्हणजे शटरिंग, पाणी, धूळ आणि वर चार इंच उंची कमी, त्यापेक्षा हे दोन-तीन दिवसात होतं.

आता मुद्दा. एफआरपी कुठे लावायचं ह्याआधी कुठे लावायचं नाही ते बघू, कारण आपल्याकडे निम्मे घोळ इथेच होतात.

मुंबई-कोकणात बीम कमजोर होतो तो बहुतेक वेळा गंजामुळे. वरच्या मजल्याची न्हाणी गळते, न्हाणीचं पाणी आणि खारी हवा आत शिरते, सळई गंजते, गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतं आणि कव्हर (सळईवरचं काँक्रीट) फोडून बाहेर ढकलतं. अशा बीमवर गंज न काढता शीट चिकटवली तर आतली सळई गंजत राहते, फक्त आता ते दिसत नाही. एक-दोन पावसाळ्यात शीट फुगते आणि कव्हरसकट खाली येते. त्यामुळे पहिलं काम वरचा नळ आणि न्हाणीचं वॉटरप्रूफिंग. प्लंबरचं काम आधी, फायबर नंतर, आणि हा क्रम बदलायचा आग्रह कुणीही धरला तरी ऐकू नका.

दुसरं म्हणजे, लोंबलेला बीम ह्याने वर येत नाही. शीट इतकी पातळ असते की बीमचा कडकपणा नावापुरताच वाढतो, ताकद वाढते. डिफ्लेक्शनचा त्रास असेल तर जॅकेटिंग किंवा मधे सपोर्ट हाच रस्ता. तिसरं, काँक्रीटच जर वाळू-सिमेंट सुटं झाल्यासारखं असेल तर नाही. एसीआय ४४०.२आर ही अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची गाइडलाइन, जी बहुतेक डिझायनर वापरतात (आपल्या आयएस १५९८८ : २०१३ मध्ये पण फायबरचा भाग आहे, पण तो भूकंपाच्या अंगाने), ती सांगते की काँक्रीटची सिलिंडर स्ट्रेंथ (गोल नमुना दाबून काढलेली ताकद) निदान १७ मेगापास्कल आणि पृष्ठभागाची ओढून बघितलेली ताकद निदान १.४ मेगापास्कल पाहिजे. सिलिंडरचा आकडा क्यूबच्या (चौकोनी ठोकळ्याच्या) साधारण ०.८ पट धरतात, म्हणजे एम२० चं (क्यूबला २०) जुनं काँक्रीट काठावर नापास होतं, हे लक्षात घ्या.

म्हणून टेस्टिंग. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगला मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने करावंच लागतं, आणि सोसायटीच्या आदर्श उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायला सांगितलंय, पण त्या ऑडिटमधला हॅमरचा (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज घेतात तो) एक तक्ता फायबरच्या डिझाइनला पुरत नाही. ज्या बीमला शीट लावायची तिथले कोअर (काँक्रीटचे गोल नमुने) काढा, अल्ट्रासॉनिक करा (ध्वनिलहरींनी आतली पोकळी, भेगा बघायची टेस्ट), हाफ सेल करा (सळईचं विद्युत विभव मोजायची टेस्ट, उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात), ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉफ्थॅलीन मारून बघा, गुलाबी झालं तर काँक्रीटचा अल्कलीपणा शिल्लक आहे, रंगच आला नाही तर कार्बोनेशन सळईपर्यंत पोचलंय. आणि दोन-तीन ठिकाणी कव्हर उघडून सळई व्हर्नियरने मोजा. ड्रॉइंगवर १६ मिमी लिहिलंय आणि हातात १३ येतेय असं होतं.

हिशोब, अंदाज येण्यापुरता

एक साधा बीम घ्या, २३० बाय ४५०, खाली १६ च्या तीन सळया, फे ४१५, कोअरवरून काँक्रीट एम२५ निघालं. आयएस ४५६ (काँक्रीट डिझाइनचं भारतीय मानक) ने ह्याची मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, पेलायची क्षमता येते साधारण ८० किलोन्यूटन मीटर. आता त्या फ्लॅटचं ऑफिस होतंय, फायली तिथेच ठेवणार, वेगळी स्टोरेजची खोली नाही, म्हणजे आयएस ८७५ (भारांचं मानक) प्रमाणे लाइव्ह लोड (माणसं आणि सामानाचा भार) २ वरून ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. समजा डेड लोडचा (बांधकामाच्या स्वतःच्या वजनाचा) मोमेंट ४२ आणि लाइव्हचा ११ होता तो २२ झाला, तर सुरक्षेसाठी दीडपट करून ९६ पाहिजे.

खाली २०० मिमी रुंदीची ३०० जीएसएमची एक लेअर लावली तर क्षमता जाते साधारण ९७ वर. जेमतेम बसलं. मग कुणीतरी म्हणतं दोन लेअर मारा, डबल होईल. दुसऱ्या लेअरने येतात १०७. म्हणजे पहिलीने १७ दिले, दुसरीने १०. जितक्या लेअर वाढवाल तितकी शीट काँक्रीटपासून लवकर सुटायला बघते आणि शिवाय वरचं काँक्रीट आधी चिरडायला लागतं, धाग्याची ताकद तशीच वापरल्याशिवाय पडून राहते. "चार लेअर मारल्यात" असं अभिमानाने सांगितलं जातं तेव्हा मला पहिला प्रश्न हाच पडतो की हिशोब कुणी केला.

आणि एक चेक जो कधीच सोडायचा नाही. समजा आग लागली आणि शीट गेली, तर उरलेला बीम १.१ पट डेड आणि ०.७५ पट लाइव्ह लोड तरी पेलतोय का? आपल्या उदाहरणात ४६.२ अधिक १६.५ म्हणजे ६२.७, बीमची मूळची ८०, पास. इपॉक्सीचं काचसंक्रमण तापमान साधारण ५०-६० अंशाच्या घरात असतं, तिथे ते मऊ पडायला लागतं, आगीत शीट काही मिनिटांत जाते. जो बीम शीटशिवाय उभाच राहू शकत नाही त्याला शीट लावून माणसं खाली झोपवायची नाहीत, तिथे स्टील किंवा जॅकेट. ह्याच कारणाने नागपूर-चंद्रपूरकडे टेरेसच्या तापणाऱ्या स्लॅबखाली काम असेल तर इपॉक्सीच्या डेटाशीटमधला हा आकडा आधी बघा, वापरातलं तापमान त्याच्यापेक्षा १५ अंश तरी खाली राहिलं पाहिजे.

हो, आणि सपोर्टजवळ बीमचा ताण वरच्या बाजूला असतो. खाली शीट लावून तिथला प्रश्न सुटत नाही, वर स्लॅबवर कॉलमच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या टाकाव्या लागतात आणि टाइल काढाव्या लागतात, म्हणून सगळे ते विसरायला बघतात. डिझायनरला विचारा.

साइटवर

टेकू आधी. शीट लावायच्या आधी बीमखाली जॅक लावून हलका भार उचलून घ्यायचा. टेकू न लावता चिकटवलेली शीट फक्त नंतर येणारा लोड घेते, जुना डेड लोड सगळा जुन्या सळयांच्याच डोक्यावर राहतो. टेकू इपॉक्सी पूर्ण सुकेपर्यंत, साधारण सात दिवस, काढायचे नाहीत.

मग तोडफोड. हातोडीने पूर्ण बीम ठोकून घ्या, जिथे भद आवाज येतो तिथे खडूने मार्क करा, पोकळ सगळं उडवा, गंजलेल्या सळईच्या मागेसुद्धा २० मिमी जागा मोकळी होईपर्यंत उडवा, नाहीतर मागचा गंज तसाच राहतो. वायर ब्रशने लोखंड चकचकीत करा, सळई पाव भागापेक्षा जास्त झिजली असेल तर बाजूने नवीन सळई द्यायची, अँटीकरोजन कोट मारा, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटने सेक्शन परत भरा आणि त्याला त्याचे दिवस द्या. पाव मिमीपेक्षा मोठ्या भेगा इपॉक्सी इंजेक्शनने भरायच्या.

आता इथे एक प्रसंग सांगतो, कारण त्या दिवसापासून मी तयारीच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. नवीन होतो, स्टिल्ट पार्किंगमधला बीम, गणपतीच्या आधी काम संपवायची घाई, पाऊस चालू. शीट लागली, वर कोट झाला, दिसायला एकदम गुळगुळीत काळी. तीन आठवड्यांनी एका टोकाला सुटलेली दिसली म्हणून मी बोट घातलं आणि ती अख्खी हातभर पट्टी हातात आली, अगदी आवाज न होता. उलटी करून बघितली. पाठीला काँक्रीटचा एक खडासुद्धा नव्हता, करड्या रंगाचा भुगा होता आणि मध्ये जुन्या डिस्टेंपरचा पिस्ता रंग. म्हणजे बीमवर मूळचं प्लास्टर होतं, ते काढलंच नव्हतं, त्यालाच घासून त्याच्यावरच सगळं केलं होतं. शीट चांगली, इपॉक्सी चांगलं, आणि सगळं चिकटलं होतं प्लास्टरला. मी रोज तिथे उभा होतो, पण ग्राइंडिंगच्या दिवशी दुसऱ्या विंगमध्ये होतो.

तर ग्राइंडिंग. प्लास्टर, रंग, सिमेंटची साय सगळं जाऊन खडी दिसायला लागली पाहिजे, हात फिरवला की जाड पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे. शटरिंगच्या फळ्यांचे उंचवटे घासून सपाट करा कारण खड्ड्यावरून गेलेली शीट ताण आला की सरळ व्हायला बघते आणि सुटते. जिथून यू रॅप (बीमच्या खालून दोन्ही बाजूंना वर चढवलेली शीट) वळणार तिथली बीमची कोपऱ्याची धार गोल करायची, कमीत कमी १३ मिमी रेडियस, मी २० मागतो. धारदार कोपऱ्यावर धागे तुटतात. मग धूळ ब्लोअर आणि व्हॅक्यूमने काढा, पाण्याने धुऊन लगेच शीट लावायची नाही. ओलावा ४ टक्क्यांच्या आत पाहिजे आणि काँक्रीटचं तापमान दवबिंदूच्या वर निदान ३ अंश. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या स्टिल्टमध्ये हे जमवणं फार अवघड, मी तर सरळ पावसाळ्यानंतर करा म्हणून सांगतो.

शीट लावायचा दिवस असा. आदल्या दिवशीच शीट मापाने कापून, रोल करून, नंबर टाकून ठेवा. घडी घालायची नाही, घडीवर धागा मोडतो. बेस आणि हार्डनर वजनाने, शक्यतो पूर्ण पॅक एकदम मिसळा, स्लो स्पीडच्या ड्रिलला पॅडल लावून तीनेक मिनिटं, रंग एकसारखा होईपर्यंत. अंदाजाने अर्धा-अर्धा डबा ओतणारा मिस्त्री दिसला तर काम थांबवा. मिसळलेलं इपॉक्सी बादलीत ठेवून चहाला गेलात तर ती बादली स्वतःच तापते आणि मिनिटांत घट्ट होते, मे महिन्यात तर विचारू नका. ट्रेमध्ये पसरून ठेवा, थोडं थोडं करा.

आधी प्रायमर. काँक्रीट जितकं पिईल तितकं पिऊ द्या. तो चिकट-चिकट असताना पुट्टीने बारीक भोकं आणि खड्डे भरा. मग सॅच्युरंटचा (शीट भिजवायच्या इपॉक्सीचा) हात, मग शीट, आणि लोखंडी खाचांचा रोलर धाग्याच्या दिशेनेच, मधून बाहेर. आडवा फिरवला की धागे वाकडे होतात. इपॉक्सी धाग्यांमधून वर झिरपून येताना दिसतं, काळ्या कापडावर ओली चमक येते, जिथे ती येत नाही आणि कापड कोरडं राखाडी दिसतं तिथे सॅच्युरंट कमी पडलंय, तिथे हवा आहे. ते तेव्हाच दाबून बाहेर काढायचं. मग वरून परत सॅच्युरंट. जोड आला तर धाग्याच्या दिशेने २०० मिमी ओव्हरलॅप, आणि दोन लेअरचे जोड एकाखाली एक नको.

खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना यू रॅप पाहिजेच, सुटायची सुरुवात बऱ्याचदा टोकापासूनच होते. शिअरसाठी (बीमला तिरकं चिरणारा जोर) करत असाल तर यू रॅपचे धागे उभे, रिंगांसारखे. वर स्लॅब असल्यामुळे बीमला पूर्ण गुंडाळता येत नाही आणि यू चं वरचं टोक उघडं राहतं, म्हणून डिझाइनमध्ये त्याचा स्ट्रेन (ताणून लांबी वाढण्याचं प्रमाण) ०.००४ च्या पुढे धरत नाहीत, बऱ्याचदा त्याच्याही आत. दुसरी एक गोष्ट, कार्बन उघड्या लोखंडाला थेट लागू द्यायचं नाही, दोघांत गॅल्व्हॅनिक गंज होतो. लोखंडी प्लेट किंवा ब्रॅकेट मध्ये येत असेल तर आधी काचेच्या कापडाची एक लेअर.

काम करणाऱ्या पोरांची काळजी घ्या. इपॉक्सीने हातांना खाज, पुरळ येतं आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे वास आला तरी त्रास होतो. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, मास्क. हात थिनरने धुवायचे नाहीत, साबणाने. कार्बनची कापताना उडणारी धूळ विजेची वाहक असते, मीटर पॅनलच्या शेजारी कापाकापी करू नका.

शेवटच्या कोटवर, तो ओला असतानाच, कोरडी वाळू उडवून घ्या, नाहीतर प्लास्टर धरत नाही. बाहेरच्या बाजूला यूव्हीसाठी कोटिंग, आणि जिथे आगीचा विचार असेल तिथे व्हर्मिक्युलाइट किंवा जिप्समचं प्लास्टर.

तपासणी, आणि बिल

चोवीस तासांनी नाण्याने किंवा छोट्या हातोडीने सगळी शीट टकटक करून ऐका. भरीव ठिकाणी टणक टक, पोकळ ठिकाणी खोलगट डब असा आवाज, दहा मिनिटांत कान तयार होतो. एसीआयच्या हिशोबाने १३०० चौरस मिमीपर्यंतचे, म्हणजे साधारण चार सेंटिमीटर व्यासाचे फुगे, एकूण पाच टक्क्यांच्या आत आणि एका चौरस मीटरमध्ये दहाच्या आत असतील तर चालतात. १६००० चौरस मिमीच्या वरचा असेल तर कापून नवीन पॅच, मधल्या मापाचे इंजेक्शनने भरतात.

पुल-ऑफ टेस्ट मात्र चुकवू नका. शीटवर ५० मिमीची धातूची चकती चिकटवायची, भोवती काँक्रीटपर्यंत कापायचं आणि यंत्राने ओढायचं. १.४ मेगापास्कलच्या वर आकडा पाहिजे, पण आकड्याइतकीच चकतीची पाठ महत्त्वाची. पाठीला काँक्रीट चिकटून आलं, खडी दिसली, तर उत्तम, म्हणजे चिकटण काँक्रीटपेक्षा मजबूत आहे. गुळगुळीत इपॉक्सी किंवा भुगा दिसला तर आकडा कितीही असो, पूर्ण लॉटची चौकशी करा. कमिटीच्या लोकांनी ही टेस्ट समोर उभं राहून बघावी, इंजिनियर असायची गरज नाही.

बिल चौरस मीटर गुणिले लेअर असं येतं. दुसरी लेअर लागली की पहिली दिसत नाही आणि वाळू मारली की काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक लेअर लावताना बीमचा नंबर आणि तारीख लिहिलेल्या पाटीसकट फोटो, आणि शीटचे, इपॉक्सीचे बॅच नंबर व टेस्ट सर्टिफिकेट. ओव्हरलॅपचे पैसे धरायचे की नाही हे टेंडरमध्येच लिहून ठेवा, ह्यावरून नंतर भांडणं होतात. ग्राइंडिंग आणि सेक्शन रिपेअर वेगळे आयटम ठेवा, एका दरात गुंडाळलंत तर नेमकं तेच कमी होतं.

काम झाल्यावर कुठल्या बीमला किती लेअर, कुठून कुठपर्यंत, ह्याचा एक नकाशा सोसायटीच्या फाइलला लावा आणि बीमवर प्लास्टरच्या वर रंगाने लिहा, "ड्रिल मारू नये". कारण दोन वर्षांनी इंटरनेटवाला येतो, केबलची क्लिप मारायला बीमच्या बरोबर खाली, मधोमध, दहाचं बिट लावतो, आणि त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की आत काय आहे.